शिलाई मशीन नंतर, आधी टेबल

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीच्या मागे वस्ती आहे आणि वस्तीच्या तोंडाशी पालिकेचं समाजमंदिर. बारसं, साखरपुडा, जयंती सोडली तर कायम कुलूप. आम्ही सहा निवृत्त मंडळींनी खटपट करून संध्याकाळी सहा ते आठ अशी वेळ मिळवली, दोन शिलाई मशीनही मिळवली. पहिल्या आठवड्यात चार बायका आल्या, आता एकच येते. लोकांना काही नकोच आहे का?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

उत्तर : काका, जी एक येते तिलाच विचारा, बाकीच्या तिघी का थांबल्या. माझा अंदाज सांगते. सहा ते आठ म्हणजे चार घरची भांडी घासून आलेल्या बाईच्या घरचं पाणी भरणं, भाकऱ्या, पोरं. ती वेळ तुम्हाला मोकळी आहे, तिला नाही.

पुण्यात पर्वतीच्या उतारावर जनता वसाहत आहे. तिथल्या एका समाजमंदिरात मी बावीस वर्षं बसते आहे. सुरुवात आम्हीही शिवणकामानेच केली होती. हे सगळ्यांनाच का सुचतं कोण जाणे, गरीब बाई दिसली की आपल्याला शिलाई मशीन आठवतं! आमच्या मशीनवरही धूळ बसली. मग एका पावसाळी दुपारी वरच्या गल्लीतल्या एक आजी आत आल्या, त्या आडोशाला. हातातल्या कॅरीबॅगेत कागदांची चळत होती. त्यातला एक काढून म्हणाल्या, "बाय, हे वाचून दाखव, तीन महिने झालं पैसं येईनात." संजय गांधी निराधार योजनेचं, म्हणजे आधार नसलेल्यांना सरकार दरमहा देतं ते अनुदान होतं. हयातीचा दाखला द्यायचा राहिला म्हणून थांबलेलं. दाखला दिला, पैसे पुन्हा सुरू झाले. पुढच्या आठवड्यात सात माणसं आली आणि सातही जणांच्या हातात तशीच कॅरीबॅग.

तेव्हा मशीन कोपऱ्यात सरकवून टेबल मधे आणलं.

तुमच्या वस्तीतही हेच निघेल. पाच वर्षांपूर्वी नवरा वारलेली बाई निघेल, जिला या योजनेचं नावच माहीत नाही. माहीत असेल तर उत्पन्नाचा दाखला अडलेला असेल. मर्यादा आहे वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात कोण जगतं, हा प्रश्न कचेरीत कुणी विचारत नाही. अनुदान महिन्याला १,५०० रुपये. हसू नका, औषधं आणि गॅस त्यातच भागवणाऱ्या बायका मी रोज बघते. वर महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा. आणि नावांचा घोळ तर विचारूच नका: रेशनकार्डावर शांता, आधारवर शांताबाई, बँकेत माहेरचं आडनाव. वय ६५ झालं की निराधारऐवजी म्हाताऱ्यांसाठीची श्रावणबाळ योजना.

यातलं काहीच अवघड नाही, पण प्रत्येक गोष्टीला फेरी लागते. एक फेरी म्हणजे एक खाडा, आणि तिसऱ्या खाड्याला मालकीण दुसरी बाई बघते. त्यामुळे माणसं अर्ज अर्ध्यावर सोडतात किंवा एजंटाला पैसे देतात. तुम्ही बँकेत आयुष्य काढलंत. 'साहेब जेवायला गेलेत' या वाक्याला न घाबरणारा माणूस सोबत असणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून आठवड्यात एकच वार ठरवा, पण चुकवू नका. आमचा रविवार सकाळचा, कारण त्या दिवशी बऱ्याच घरी कामाला उशिरा जायचं असतं. एक जाड वही ठेवा: नाव, काम, कुठे अर्ज केला, पोच क्रमांक, पुढची तारीख. पोचपावती घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालचा आहे. त्यात अधिसूचित, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत द्याव्या लागतात, नाही मिळाल्या तर अपील करता येतं. पण पोच नसेल तर अपील कशाच्या जोरावर करणार? एका कचेरीत आमचा एक अर्ज "आलाच नाही" असं सांगितलं गेलं, तेव्हापासून वहीतला पोच क्रमांकाचा रकाना मी लाल पेनाने भरते.

आमची चूकही सांगते. पहिल्या वर्षी लोकांचे मूळ कागद आम्ही ठेवून घ्यायचो. जुलैत छप्पर गळलं आणि एका मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला भिजून लगदा झाला. दुसरा काढून मिळेपर्यंत त्याच्या आईने माझ्याशी बोलणं टाकलं होतं, आणि बरोबरच होतं तिचं. आता झेरॉक्स काढली की मूळ कागद लगेच हातात परत.

हे सगळं आपण नव्याने शोधलंय असंही नाही. १९११ साली कामगार नेते ना. म. जोशींनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही समाजसेवेची संस्था काढली, गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालयं चालवली. पुढे १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था, म्हणजे आजची टाटा समाजविज्ञान संस्था, सुरू झाली ती नागपाड्याच्या नेबरहुड हाऊसमध्ये. वस्तीतलं केंद्र आधी होतं, शिकवणारे मागून आले.

आता एक काम तुमच्या सोसायटीसाठी. घरेलू कामगारांचं कल्याण मंडळ २००८ च्या कायद्याने झालंय. १८ ते ६० वयाच्या बायकांना नोंदणी करता येते, पण ती कामाला असल्याचं मालकाचं प्रमाणपत्र लागतं. आमच्याकडे सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडले. बोनस म्हणून साडी देणारी घरं सही करायला कचरतात, उद्या कोर्टात खेचेल म्हणे! "ही बाई माझ्याकडे काम करते" एवढं खरं लिहायला कशाची भीती? सहा जण आहात ना, पहिल्या सह्या तुमच्याच घरातल्या होऊ द्या.

आणि त्या एकीला शिकवणं थांबवू नका. ब्लाउज शिवून चार पैसे मिळायला लागले की बाकीच्या विचारायला येतील, दुपारची वेळ ठेवलीत तर.

प्रश्न : आई धुणीभांडी करते. रेशन दुकानात तिचा अंगठा लागतच नाही. दुकानदार म्हणतो, पुढच्या महिन्यात या. आम्ही तिघं आहोत. काय करू?
— बारावीतली एक वाचक, पिंपरी

उत्तर : बाळा, साबणाने आणि तारेच्या घासणीने आईच्या बोटांवरच्या रेषा झिजल्यात, त्यात तिचा काही दोष नाही. अंगठाच लागतो असं नाही, दहाही बोटं लावून बघायला सांग. आमच्याकडे एकीची फक्त डावी करंगळी लागते. सकाळी कामाला जायच्या आधी, हात कोरडे असताना जा. कार्डावर तुझं नाव आधारसह जोडलेलं असेल तर तुझ्या अंगठ्यावरही घरचं धान्य मिळतं. दरम्यान आधार केंद्रात आईचे ठसे नव्याने घ्या.

तुमचं रेशनकार्ड प्राधान्य गटातलं असेल तर महिन्याला माणशी ५ किलो, म्हणजे तिघांचं १५ किलो. मशीन चालत नाही म्हणून कुणाचं धान्य अडवू नये, असं केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. तरीही दुकानदाराने परत पाठवलं तर तारीख लिहून ठेव आणि रेशनच्या परिमंडळ कार्यालयात लेखी तक्रार दे. तोंडी नको.

प्रश्न : दिवाळीच्या आधी आमच्या महिला मंडळाला जुने कपडे समाजमंदिरात वाटायचे आहेत. चालेल का?
— नाशिक

उत्तर : आमच्याकडे मागच्या खेपेची चार पोती अजून आहेत, त्यात दोन पार्टीवेअर गाऊन. कपडे राहू द्या. मंडळाच्या पैशातून जुनं का होईना, एक झेरॉक्स मशीन घेऊन द्या. कागद आणि शाई दर महिन्याला कोण आणणार, ते मात्र आधी ठरवा. आमचं मशीन त्यावाचूनच पाच महिने बंद पडलं होतं.