‘माझ्याकडून’ की ‘माझ्यावर’?

“मॅडम, मी ओरडले नाही. म्हणजे माझी तयारी होती का?” नाशिकरोडच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत अत्याचार सोसलेल्या बायकांकडून हा प्रश्न इतक्यांदा आलाय, की समोरची बाई खुर्चीच्या कडेवर टेकली तरी मला तो ऐकू येतो. कॅथलिक बायकांच्या तोंडी त्याला शेपूट असतं: “मग पापच ना ते?”

त्यातली एक (ओळख बदलली आहे) द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला. मुकादमानं मजुरी अडवली, धमकावलं आणि दोनदा गाठून अत्याचार केला. पुढची सात वर्षं नाताळ-ईस्टरला कन्फेशन, म्हणजे फादरपुढे पापाची कबुली. क्षमा मिळायची, ओझं तसंच.

चौथ्या भेटीत मी विचारलं, “फादरना नेमकं काय सांगता?”

“माझ्याकडून अशुद्ध वर्तन झालं.”

“आणि मुकादम?”

“त्याचं कशाला? आपलं पाप आपण सांगायचं.”

माणूस आपली गोष्ट कुठल्या शब्दांत सांगतो, याकडे मी वीस वर्षं कान लावून बसले आहे. त्या दिवशी त्याचं चीज झालं. फादरनी पाप ऐकलं, क्षमाही पापाचीच दिली. जे पाप नव्हतंच, त्याची क्षमा अंगी लागणार कशी? म्हटलं, “‘माझ्याकडून’ काढा, ‘माझ्यावर’ घाला.”

ती कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली. मग म्हणाली, “माझ्यावर झालं.” मी रुमाल पुढे केला होता, पण तिला रडू नाही, राग आला. मला तोच हवा होता.

गंभीर पापाला बाब गंभीर, पूर्ण जाणीव आणि स्वतःची संमती, तिन्ही लागतात; हे कॅटेकिझममध्ये, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथातच आहे (परिच्छेद १८५७). भीतीनं थिजलेलं अंग म्हणजे संमती नव्हे. ४१० साली रोम लुटलं गेलं, तेव्हा अत्याचार झालेल्या स्त्रियांबद्दल संत ऑगस्टीननं हेच लिहिलं: शुद्धता मनाची असते, दुसऱ्याच्या वासनेनं ती जात नाही.

“पण मारिया गोरेटीनं जीव दिला. मी जगले,” ती म्हणाली. १९०२ मध्ये बलात्काराला विरोध करताना मारली गेलेली इटलीतली ती अकरा वर्षांची मुलगी १९५० मध्ये संत झाली, ती शुद्धतेसाठी हुतात्मा म्हणून; मरताना तिनं मारेकऱ्याला क्षमाही केली होती. त्यात जगलेल्यांवरचा निकाल कुठेच नाही. (धर्मशिक्षणाच्या वर्गात हे अर्धवट सांगतात, याचा मला राग आहे.)

मन खात असेल, तर फादरशी नुसतं बोलायला जा. पण पूर्ण वाक्य सांगा, कर्त्यासकट. ती तशी जाऊन आली. पुढच्या भेटीत तिनं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. जुन्या हजेरीचा हिशेब होता.

“अडवलेली मजुरी आता मागता येते का, मॅडम?”

मी वकिलीणबाईंचा नंबर लिहून दिला.