माउथवॉशने चूळ भरल्यावर ब्रेथ ॲनालायझर दारू दाखवतं का? दाखवलं तर काय करायचं?

हो, दाखवू शकतं. मशीन रक्त तपासत नाही. फुंकरीतल्या अल्कोहोलवरून ते रक्तातलं प्रमाण काढतं, साधारण २१०० मिलिलिटर श्वासात जेवढं अल्कोहोल तेवढंच १ मिलिलिटर रक्तात, असा हिशोब धरून. तोंडातच अल्कोहोल असेल (अल्कोहोलवालं माउथवॉश, खोकल्याचं औषध, होमिओपॅथीचे थेंब) तर आकडा फुगतो. पण तो टिकत नाही. पंधरा-वीस मिनिटांत उतरतो; पोटातली दारू इतक्या लवकर उतरत नाही. म्हणून वाद घालत बसू नका, "साहेब, पंधरा मिनिटांनी परत फुंकतो" म्हणा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. २०१९च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड १०,००० रुपयांपर्यंत गेला, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. त्याच दुरुस्तीत मशीनच्या जोडीला प्रयोगशाळेतली चाचणीही कलमात आली, त्यामुळे आता "मशीनच खराब होतं" एवढ्यावर सुटका होईल या भ्रमात राहू नका. खरंच प्यायला नसाल तर रक्ततपासणीचा आग्रह तुमच्याच फायद्याचा. फुंकायला नकार मात्र देऊ नका, कलम २०३खाली त्यावरून वॉरंटशिवाय अटक होऊ शकते.

आणि दोन पेग मारून वर माउथवॉशची सबब सांगणारे नाक्यावरच्या हवालदाराने रोज पाहिलेले असतात!