आबांना फोटो खटकला, आणि त्यांचं बरोबर आहे

प्रिय वाचक,

तुमचं पत्र थोडक्यात असं: तुम्ही इंग्लंडमध्ये नोकरी करता आणि सुट्टीच्या दिवशी एका रीएनॅक्टमेंट गटात, म्हणजे जुन्या लढाया त्या काळच्या पोशाखात पुन्हा उभ्या करणाऱ्या गटात, जाता. हा गट १९४४ सालची, इटलीत लढणारी पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री उभी करतो. जुलैच्या कार्यक्रमात तुम्ही नाईक यशवंत घाडगे साकारावेत, असा गटाचा आग्रह आहे. सरावाचा फोटो तुम्ही घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात. त्यात छातीवर पदकांच्या तीन फिती आणि वर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. तुमचे आबा मराठा पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते एवढंच म्हणाले, "छातीवरचं कमवावं लागतं," आणि तेव्हापासून तुमचा फोन घेत नाहीत. छंद सोडू का, असं तुम्ही विचारता.

छंद सोडू नका. ती भूमिका मात्र सोडा, आणि छातीवरचं सगळं आजच उतरवा.

घाडगे यांच्या बाबतीत काय झालं ते गटातल्या सगळ्यांना नीट सांगा. १० जुलै १९४४ रोजी, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या सेक्शनवर (हाताखालच्या छोट्या तुकडीवर) अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. ते सोडून सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले आणि ग्रेनेड टाकून गन बंद पाडली. टॉमीगनने एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना त्याच बंदुकीच्या दस्त्याने मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून ते जिंकलेल्या मोर्च्यातच पडले. वय बावीस. त्यांची कबर सापडलेली नाही, नाव इटलीतल्या कासिनोच्या युद्धस्मारकावर आहे. हा प्रसंग प्रेक्षकांसमोर करून दाखवायचा, पडायचं, आणि टाळ्या संपल्या की उठून चहाला जायचं, हे आबांना सहन होणार नाही. आम्हालाही होत नाही.

शिवाय ते इतिहासालाही धरून नाही. घाडगे यांना व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला, तो त्यांच्या छातीवर कधी लागलाच नाही. तुमच्या तीन फितींपैकी एक इटली स्टारची, म्हणजे इटलीतल्या मोहिमेच्या पदकाची, आहे, असं तुम्ही लिहिता. तो सुरूच झाला १९४५ साली, म्हणजे जुलै १९४४ च्या शिपायाकडे तो असणं शक्य नाही. गटप्रमुखांशी भावनेवरून वाद घालत बसू नका. या दोन गोष्टी सांगा, प्रश्न मिटेल. घाडगे यांची माहिती फलकावर द्या. इटलीत मोंतोने या गावी २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं आहे, तेही त्यात घ्या. तुम्ही बिननावाचे शिपाई व्हा. मराठा शिपाई काय घालत होता, काय वाहत होता, हे दाखवायलाच तुमची खरी गरज आहे.

ते काम सोपं नाही. फोटोत तुमची विजार कमरेच्या हाडावर बसली आहे. बॅटलड्रेसची, म्हणजे त्या काळच्या लोकरी लढाऊ गणवेशाची, विजार बेंबीच्या उंचीवर बसते. जीन्सचं माप सांगून मागवली की ती खाली घसरते, वाकलं की ब्लाउज (वरचा आखूड कोट) आणि विजारीत फट पडते आणि शर्ट बाहेर येतो. विजारीच्या मागच्या बाजूची बटणं ब्लाउजच्या आतल्या काजांत अडकवायची असतात, म्हणजे दोन्ही एकत्र राहतात. तुम्ही ती मोकळी सोडली आहेत. १९३७ पॅटर्नच्या वेबिंगमध्ये, म्हणजे सामान वाहायच्या कापडी पट्ट्यांच्या संचात, कमरेचा पट्टा आधी घट्ट करा, मग दारूगोळ्याचे दोन्ही पाऊच वर ओढून खांद्याच्या पट्ट्यांना अडकवा. खांद्याचे पट्टे पाठीवर एकमेकांना छेद देऊन खाली येतात. कमरेचा पट्टा सैल राहिला तर धावताना पाऊच मांड्यांवर आपटतात आणि दहा मिनिटांत ते सावरण्यातच लक्ष जातं. संगीन डावीकडे. ब्लँको (वेबिंगला लावायचा रंग) ओल्या ब्रशने पातळ लावा, पितळी भागांवर येऊ देऊ नका. जाड थर वाळला की तडकतो आणि पोपडे सुटतात.

बूट सगळ्यात आधी घ्या, कारण पायाला सवय व्हायला वेळ लागतो. तळाला खिळे असल्यामुळे ते डांबरावर आणि फरशीवर घसरतात, म्हणून पायऱ्या उतरताना घाई नको. जुलैत लोकरी सर्जचं जाड कापड अंगावर असेल तर तहान लागायच्या आधी पाणी प्या.

रायफल शेवटी. निष्क्रिय केलेली असली तरी तिचं प्रमाणपत्र लागतं, आणि नेताना-आणताना ती पिशवीत झाकलेलीच हवी. इंग्लंडमध्ये सार्वजनिक जागी नकली बंदूकही सबळ कारणाशिवाय बाळगणं गुन्हा आहे. कोरी (गोळी नसलेली) काडतुसं झाडणारी हवी असेल तर पोलिसांचा परवाना आधी. कोऱ्या काडतुसातूनही तापलेला वायू आणि न जळलेली दारू जोरात बाहेर येते, जवळून डोळा जाऊ शकतो. नळी माणसाच्या रोखाने कधीही नको, प्रसंग कितीही रंगात आला तरी.

आता आबा. ग्रुपवर खुलासा टाकू नका, तो सगळ्यांसमोर घातलेला वाद होतो. आधी तो फोटो काढून टाका, मग आईला फोन करून आबांना द्यायला सांगा. पहिलं वाक्य एवढंच: "आबा, छातीवरचं उतरवलं, ती भूमिकाही सोडली. माझं चुकलं." इटलीचा इतिहास त्या दिवशी सांगायचा नाही. ते फोन ठेवतील, ठेवू द्या. आठ-दहा दिवसांनी कामाचं विचारा: सावधानमध्ये टाचा कशा जुळतात, हात शिवणीला कुठे लागतो, तीन-तीनच्या रांगेत अंतर कसं घेतात. त्यांची कवायत स्वातंत्र्यानंतरची, १९४४ ची नव्हे. पण उभं राहण्यातला ढिलेपणा त्यांना एका नजरेत दिसेल, आणि तुमच्या गटाला ती नजरच हवी आहे. ते बोलले तर लिहून घ्या. "बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" ही पलटणीची युद्धघोषणा मैदानात द्यावी का, हेही त्यांनाच विचारा. नको म्हणाले तर देऊ नका.

दिवाळीला साताऱ्याला याल तेव्हा हा पोशाख इंग्लंडलाच ठेवा. भारतात सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून तशी वर्दी घालणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नसला तरी गावातल्या निवृत्त जवानांना तो घरोघरी समजावत फिरायची वेळ आबांवर आणू नका.