रेतीवरचे नृत्य आणि चेहऱ्याचा रंग

प्रश्न : आमचे गाव आरमोरी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर आहे. माझी चुलत बहीण नागपूरला भरतनाट्यम शिकते. एप्रिलमध्ये ती गावी आली, तेव्हा सकाळी अकराच्या सुमारास नदीच्या रेतीवर मी तिचे बरेच फोटो काढले. त्यांत रेती मळकट करडी आणि तिचा चेहरा काळवंडलेला आला. संगणकावर उजळपणा वाढवला, तर रेती पांढरीफटक झाली, लाल साडीचा नुसता डाग उरला आणि चेहरा पीठ फासल्यासारखा दिसू लागला. आजी म्हणाली, "हे तं आपली पोरगी वाटूनच नाही राह्यली." मित्र म्हणतात, असे फोटो कोकणात समुद्रावर जाऊनच काढावेत. काय करावे? (एक वाचक, जि. गडचिरोली)

उत्तर : आजींनी नेमके दुखणे सांगितले आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. त्यामुळे चौकटीचा मोठा भाग उन्हातल्या रेतीने व्यापला की तो त्या रेतीलाच करडी करून टाकतो, आणि तिच्याबरोबर माणसाचा चेहराही अंधारात लोटतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मापकाने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) शून्यावर न ठेवता अधिक 2/3 ते अधिक 1 पर्यंत न्यावे, एक फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, पाहावा, आणि तो उजव्या म्हणजे उजेडाच्या कडेला आदळत नसेल तेवढाच उजेड ठेवावा. रेतीपेक्षा चेहऱ्यावर भरवसा ठेवा. मोबाइलवर काढत असाल, तर चेहऱ्यावर बोट दाबून धरून तिथला उजेड पक्का करता येतो.

अकराची वेळ मात्र टाळायला हवी होती. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये त्या वेळी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, भुवयांची सावली थेट डोळ्यांत पडते, आणि भरतनाट्यमचा अर्धा अभिनय ज्या डोळ्यांत असतो तेच खोबणीत हरवतात. शिवाय तापलेल्या रेतीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर भाव येणार तरी कसा? सूर्योदयानंतरचा किंवा सूर्यास्तापूर्वीचा साधारण एक तास धरा. नृत्यासाठी पाण्याच्या कडेची ओलसर, घट्ट रेती निवडा, कारण कोरड्या रेतीत पाय रुतून अरैमंडी, म्हणजे गुडघे बाहेर उघडून घेतलेली अर्धी बैठक, ढासळते. उडी किंवा झटक्याची हालचाल गोठवायची असेल, तर शटर 1/500 सेकंदापेक्षा मंद ठेवू नये. गिरकीत पदराचा फराटा हवा असेल, तेव्हा 1/15 च्या आसपास प्रयोग करावा, त्यातले बरेचसे वाया जातील हे धरून. आणि नाचणाऱ्या माणसाची पावले चौकटीबाहेर कधी कापू नका. तुमच्यासारखे नवखे छायाचित्रकार ही चूक फार करतात आणि मला ती मनापासून खटकते.

आता संगणकावरचे काम. फोटो रॉ स्वरूपात (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती) काढलेले असतील तर बरेच वाचवता येईल, कारण 8 बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगवाहिनीला (लाल, हिरवी, निळी) 256 पायऱ्या असतात, तर 14 बिटच्या रॉमध्ये 16,384. पण जिथे उजेड पूर्ण जळून गेला आहे, तिथे रॉमध्येही काही उरलेले नसते. तुमच्या फोटोतला चेहरा पिठाळ का झाला, याचे कारण मात्र निराळे आहे. आपल्या त्वचेचा रंग आणि कोरड्या रेतीचा रंग, दोन्ही सॉफ्टवेअरच्या हिशेबी नारिंगी-पिवळ्या पट्ट्यातच येतात. म्हणून तो पट्टा उजळला की रेती आणि चेहरा एकदमच पांढरे पडतात, आणि दोघांनाही आपला रंग राहत नाही. त्यावर उपाय मास्कचा, म्हणजे फोटोचा ठरावीक भाग निवडून तेवढ्यावरच काम करण्याचा. आधी संपूर्ण फोटोचा उजेड थोडासाच वाढवा, हायलाइट (सर्वांत उजळ भाग) खाली आणा, मग चेहरा आणि हात यांच्यापुरता मास्क करून तेवढेच जरा उजळा. रेतीला हात लावायचा असेल तर वेगळा मास्क घ्या. साडीसाठी लाल रंगाची तीव्रता कमी करून पाहा: लाल वाहिनी भरून वाहू लागली की रेशमाच्या चुण्या बुजतात, आणि तीव्रता उतरवताच त्या बहुधा पुन्हा दिसू लागतात. हाताला आळता असेल तर तोही याच लाल पट्ट्यात येतो, तेवढे लक्षात असू द्या. क्षितिजाची रेषा सरळ करा, भोवतीची तुमची स्वतःची पावले पुसून टाका, पण तिच्या पावलांचे ठसे राहू द्या. ती नाचली त्याचा तोच पुरावा आहे. कंबर बारीक करणे आणि रंग गोरा करणे, ही दोन कामे अजिबात करू नका. सावळ्या चेहऱ्यावर उगवतीचा उजेड जसा पसरतो, तसा तो पिठाळ केलेल्या चेहऱ्यावर दिसत नाही.

समुद्राचे म्हणाल, तर कोकणचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. तिथे सूर्य पाण्यावर मावळतो आणि संध्याकाळी नर्तकीच्या मागून उजेड येतो, म्हणून ते फोटो आकर्षक वाटतात. तुमचे आरमोरी वैनगंगेच्या पूर्वतीरावर आहे. म्हणजे तुमच्याकडेही सूर्य नदीपलीकडे, ब्रह्मपुरीच्या बाजूला मावळतो, आणि पाठीमागून येणारा तोच उजेड घरबसल्या मिळतो. मागचा उजेड घेताना चेहऱ्यावर उजेड परतवण्यासाठी पुढून थर्मोकोलची पांढरी शीट धरायला एका भावाला उभे करा. समुद्रावर भरती-ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि ओल्या रेतीचा आरसा तिच्यावर अवलंबून असतो. नदीवर ती अडचण नाही. पावसाळ्यात मात्र वरच्या गोसीखुर्द धरणातून पाणी सोडले जाते, तेव्हा पात्रात उतरू नका.

शेवटची निवड बहिणीला शेजारी बसवूनच करा. तुम्हाला प्रकाशामुळे आवडलेला एखादा फोटो, गुडघे पुरेसे उघडलेले नाहीत किंवा हस्तमुद्रा अर्धवट आहे म्हणून ती बाजूला काढील, आणि तिने काढला की तो परत आत घेऊ नका.