वाचकांचे प्रश्न : जुन्या नौकेवरील बझर आणि सेन्सर

प्रश्न : माझी १९८६ साली बांधलेली शिडाची नौका मुंबई बंदरात असते. तिच्यात यान्मारचे २जीएम२०एफ हे दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन आहे. पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर चढवली होती. ऑक्टोबरात ती पाण्यात उतरवल्यापासून इंजिन तासभर चालले की मंद गतीवर तेलदाबाचा दिवा लागतो आणि बझर वाजू लागतो. रेस वाढवली की दोन्ही थांबतात. मेकॅनिकने तेलदाबाचा स्विच दोनदा बदलला, आधीच्या मालकाने बसवलेल्या मीटरचा सेंडरही नवा घातला आणि तरीही आवाज थांबेना म्हणून शेवटी बझरची वायर कापून टाकली. आता इंजिन बंद असताना चावी फिरवली की तेलदाबाचा काटा शेवटच्या आकड्यावर जातो आणि इंजिन सुरू होताच खाली येतो. इंजिन उघडावे लागेल का? — एक वाचक, मुंबई

उत्तर : इंजिन उघडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा, कापलेली वायर मात्र नौका पुन्हा हलवण्यापूर्वी जोडून घ्यावी. तेलाचा दाब खरोखरच गेला तर बेअरिंग निकामी व्हायला काही मिनिटे पुरतात. मोठ्या जहाजांच्या वाटेतून इंजिनावर जात असताना सुकाणू धरणाऱ्याची नजर समोर असते, पॅनेलवर नसते, आणि भर उन्हात तो लहानसा दिवा दिसतही नाही. अशा वेळी सावध करणारी वस्तू बझर हीच असते.

आपण लिहिलेल्या लक्षणांत दोन वेगळ्या तक्रारी एकमेकींत मिसळल्या आहेत. त्यांपैकी काट्याची तक्रार सोपी आहे. मीटरला जोडलेला सेंडर म्हणजे दाबानुसार रोध बदलणारा भाग. युरोपीय पद्धतीच्या सेंडरचा रोध दाब शून्य असताना १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० ओहमच्या आसपास असतो. अमेरिकी पद्धतीचा सेंडर याच्या नेमका उलट चालतो : शून्य दाबाला २४० ओहम, तर पूर्ण दाबाला सुमारे ३३ ओहम. युरोपीय मीटरला अमेरिकी सेंडर जोडला, तर इंजिन बंद असताना काटा शेवटाला जाणार आणि दाब वाढेल तसा खाली येणार, हे ओघानेच आले. आपल्याकडे हेच झालेले दिसते. इंजिन बंद ठेवून सेंडरची वायर काढावी आणि त्याचे टोक व इंजिनाचा धातू यांच्यामधला रोध मल्टिमीटरने मोजावा. तो २४० च्या जवळ आला तर मीटरशी जुळणारा सेंडर आणावा. तोवर त्या काट्यावर विश्वास ठेवू नये.

आता बझरकडे वळू. दिवा आणि बझर यांना मीटरशी काही देणेघेणे नसते. त्यांना चालवणारा स्विच वेगळा असतो आणि तो फक्त दोनच स्थिती जाणतो. चावीतून आलेला १२ व्होल्टचा प्रवाह दिव्यातून स्विचपर्यंत येतो आणि दाब नसेल तर स्विचमधून इंजिनाच्या धातूत, म्हणजे अर्थला, उतरतो. म्हणूनच इंजिन सुरू होण्यापूर्वी चावी फिरवताच बझर वाजायला हवा आणि दाब तयार झाल्यावर थांबायला हवा. स्विचवरची वायर काढली की बझर गप्प झाला पाहिजे, ती इंजिनाच्या स्वच्छ धातूला टेकवली की पुन्हा वाजला पाहिजे. या दोन्ही गोष्टी घडल्या तर पॅनेल आणि वायरिंग ठीक आहेत. वायर काढल्यावरही बझर वाजतच राहिला, तर ती वायर वाटेत कुठेतरी सोलवटून धातूला लागते आहे असे समजावे. इंजिन आणि पॅनेल यांच्यामधला मोठा प्लग अशा वेळी हमखास उघडून पाहावा. चार महिन्यांच्या मुंबईच्या पावसाळी हवेत त्याच्या पिनांवर हिरवी पुटे चढलेली सापडणे अगदी शक्य आहे.

तरीही आपला बझर केवळ गरम इंजिनावर, मंद गतीला वाजतो आणि रेस वाढवताच थांबतो, यावरून मला दोष वायरिंगमध्ये असावा असे वाटत नाही. तेल तापले की पातळ होते आणि मंद गतीवर पंपाचा दाब उतरतो; हे प्रत्येक इंजिनात घडते. प्रश्न एवढाच, की दाब किती उतरतो आणि स्विच किती दाबाला वाजतो. इंजिनासाठी नेमलेला मूळ स्विच फारच कमी दाबाला मिटतो, म्हणजे जोडणी पूर्ण करून बझर वाजवतो; मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणलेला, दिसायला तसाच स्विच बराच आधी मिटू शकतो. दोनदा बदललेला स्विच दोन्ही वेळा त्याच दुकानातून आला असेल, तर तो दोनदा बदलूनही काही बदलले नाही असेच म्हणावे लागेल. अर्थात हा तर्क झाला आणि तेलदाबाच्या बाबतीत तर्कावर थांबू नये. स्विच काढून त्या जागी साधा यांत्रिक दाबमापक लावावा, इंजिन पूर्ण तापू द्यावे आणि मंद गतीवर आकडा वाचावा. पुस्तिकेत दिलेल्या किमान दाबापेक्षा तो वर असेल तर इंजिन निर्दोष आहे. यान्मारच्या भाग-क्रमांकाचा स्विच मागवावा आणि निर्धास्त व्हावे.

आकडा खरोखरच कमी आला, तर आधी डिपस्टिक काढून पाहावी. पातळी खाली गेलेली असणे हे सर्वांत सोपे कारण आहे. पातळी वाढलेली असेल आणि तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर इंधनपंपाचा फाटलेला पडदा डिझेल तेलात सोडत असण्याचा संभव असतो. तेल ताकासारखे पांढरट झाले असेल तर आत पाणी शिरले आहे आणि इंजिन त्या क्षणापासून चालवू नये. यांपैकी काहीच नसेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे तेल व फिल्टर घालून दाब पुन्हा मोजावा. त्यानंतरही तो कमी राहिला, तरच इंजिन उघडण्याचा विषय काढावा.

आणखी एका बाबीत मेकॅनिकच्या हाताकडे लक्ष ठेवावे. जपानी इंजिनावर या स्विचचे आटे ब्रिटिश पद्धतीचे, इंचाला २८ असतात. अमेरिकी आट्यांचा १/८ इंची भाग इंचाला २७ आट्यांचा असतो. तो दोन-तीन फेरे सहज बसतो आणि पुढे जोर लावला की भोक कायमचे बिघडवतो. शिवाय स्विच व सेंडर एकाच पितळी टी-जोडावर इंजिनाला लटकवले असतील, तर जड सेंडरच्या कंपनाने तो जोड एके दिवशी तुटू शकतो आणि सारे तेल बिल्जमध्ये, म्हणजे नौकेच्या तळाशी, जाते. सेंडर इंजिनाजवळच्या भिंतीवर बसवून लवचीक नळीने जोडावा आणि त्याच्या अंगाला वेगळी अर्थची वायर द्यावी.

प्रश्न : आमच्या जुन्या नौकेवर चावी फिरवली की काहीच वाजत नाही आणि एकही दिवा लागत नाही, पण इंजिन उत्तम सुरू होते. दुर्लक्ष केले तर चालेल का? — एक वाचक, गोवा

उत्तर : चालणार नाही. जी व्यवस्था सुरुवातीला बोलत नाही, ती संकटातही बोलणार नाही. आधी पॅनेलचा फ्यूज आणि चावीमागची जोडणी पाहावी, मग वर सांगितल्याप्रमाणे तेलदाबाच्या स्विचची वायर इंजिनाला टेकवून पाहावी. पुष्कळ अल्टरनेटर आपला सुरुवातीचा प्रवाह चार्जिंगच्या दिव्यातूनच घेतात; तो दिवा जळालेला असेल तर इंजिन चालूनही बॅटरी भरत नाही. त्यामुळे इंजिन चालू असताना बॅटरीवर व्होल्टेज जरूर मोजावे. ते १४ च्या आसपास असायला हवे.

प्रश्न : मी साउदॅम्प्टनला राहतो. गेल्या महिन्यात जवळच्या सोलेंट सामुद्रधुनीत एक्झॉस्टमधून वाफ येऊ लागली, समुद्राच्या पाण्याच्या गाळणीत शेवाळ अडकले होते. तापमानाचा बझर मात्र वाजलाच नाही. तो बिघडला आहे का? — एक वाचक

उत्तर : तसे असेलच असे नाही. गोड्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात तापमानाचा स्विच त्या बंदिस्त पाण्याचे तापमान पाहतो. समुद्राचे पाणी थांबले तरी आतले पाणी तापायला काही मिनिटे लागतात. एक्झॉस्टची रबरी नळी मात्र केवळ त्या समुद्राच्या पाण्यामुळेच थंड राहत असल्याने ती आधी भाजते. आपण वेळीच वाफ पाहिलीत, म्हणून बझरची पाळी आली नाही. याहून धोकादायक गोष्ट अशी की, आतले पाणी गळून गेले तर स्विच कोरडा पडतो आणि इंजिन जळत असतानाही गप्प राहू शकतो.

स्विच तपासण्यासाठी तो काढून मल्टिमीटरला जोडावा आणि त्याचे धातूचे टोक उकळत्या पाण्यात धरावे. गोड्या पाण्याच्या इंजिनांचे स्विच बहुधा ९५ अंशांच्या आसपास मिटतात, म्हणजे उकळीपूर्वी मीटर वाजायला हवा. थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचा स्विच यापेक्षा पुष्कळ कमी तापमानाला मिटतो, कारण जास्त तापमानाला आत क्षार साचतात आणि म्हणून ती इंजिने मुळातच थंड चालवली जातात. हे दोन स्विच एकमेकांच्या जागी घालू नयेत.

त्याखेरीज एक्झॉस्टच्या नळीवर पट्ट्याने बांधायचा उष्णतेचा सेन्सर आणि त्याचा स्वतंत्र बझर बसवून घ्यावा. जुन्या नौकेवर करण्याजोग्या सुधारणांत याला मी फार वरचे स्थान देतो. तो समुद्राचे पाणी जिथे मिसळते त्या कोपराच्या लगेच पुढे, रबरी नळीवर बांधावा. आणि इम्पेलर, म्हणजे समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपातले पात्यांचे चाक, उघडून पाती मोजण्यास विसरू नये : पंप कोरडा चालला असेल तर एखादे पाते तुटून हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने आतले गोडे पाणी थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकलेले असू शकते, आणि ते काढल्याशिवाय गाळणी कितीही स्वच्छ ठेवली तरी पाणी कमीच येत राहील.