कल्याण-मुरबाड-माळशेज रस्ता राज्यमार्ग आहे की राष्ट्रीय महामार्ग? तो कुठून कुठे जातो आणि किती जुना आहे?

ठाण्यात नव्याने राहायला आलेल्या माणसाला हा प्रश्न पडणं साहजिक आहे, कारण या रस्त्याला जो तो वेगळ्या नावाने हाक मारतो. माझं गाव सरळगावच्या पुढे, फाट्यापासून दीडेक किलोमीटर आत. नोकरीमुळे राहतो ठाण्यात, पण भातलावणी, गणपती, शिमगा, शिवाय मध्येच घरचे तांदूळ आणायला म्हणून वर्षाला पंधरा-वीस खेपा होतातच. उत्तर थोडं पाल्हाळिक होईल, सांभाळून घ्या.

आमच्या फाट्यावर किलोमीटरचा एक दगड होता. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचं डोकं पिवळं असतं आणि राज्यमार्गाचं हिरवं, हे तुम्हाला ठाऊक असेल. या दगडाच्या पिवळ्या रंगाचे दोन-तीन टवके उडाले होते आणि आतून चक्क हिरवा दिसायचा. रंगवणाऱ्याने जुना रंग खरवडायचे कष्ट घेतले नव्हते, वरूनच ब्रश फिरवला होता. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या टवक्यात आहे. आधी राज्यमार्ग, मग राष्ट्रीय महामार्ग क्रमांक २२२, आणि २०१० साली देशभरातल्या महामार्गांचे आकडे बदलले तेव्हापासून ६१. कागदोपत्री बढती मिळाली. मुरबाडच्या पुढे गाडी चालवताना ती बढती कंबरेला जाणवते का, हे मी तुमच्यावर सोडतो.

नावांचं म्हणाल, तर कल्याणात हा ‘मुरबाड रोड’. ओतूर, आळेफाट्यापासून थेट नगरपर्यंत ‘कल्याण रोड’. आणि पाथर्डी-माजलगावकडे गेलात तर ‘कल्याण-विशाखापट्टणम’, तिकडच्या पेपरातसुद्धा असंच छापून येतं. गंमत म्हणजे जुना २२२ विशाखापट्टणमच्या जवळपासही जात नव्हता, तेलंगणातल्या निर्मलला संपायचा. आताचा ६१ भिवंडीत सुरू होतो आणि निर्मलच्याही पुढे जगत्यालपर्यंत जातो. मधली मोठी गावं क्रमाने सांगायची तर कल्याण, मुरबाड, आळेफाटा, नगर (आता अहिल्यानगर), पाथर्डी, माजलगाव, परभणी, नांदेड. आळेफाट्याला तो पुणे-नाशिक रस्त्याला आडवा छेदतो. तिथपर्यंतचा रस्ता मला तोंडपाठ आहे, पुढचा फक्त बसच्या खिडकीतून पाहिलाय.

ठाण्याहून निघालात की भिवंडी बायपास, मग कोनगाव, आणि दुर्गाडीचा पूल. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतलं आणि आरमाराचा श्रीगणेशा याच खाडीत झाला. पुलावर गर्दीत अडकाल तेव्हा किल्ला निवांत बघून होतो. मग कल्याण शहर आणि शहाडचा उड्डाणपूल. या पुलाबद्दल न बोललेलंच बरं. तो एकदा पार केला की निम्मा प्रवास झाला असं आमच्याकडे मानतात. म्हारळ, वरप, कांबा इथे पूर्वी शेतं होती, आता टॉवर आहेत. रायत्याला उल्हास नदी लागते. २०१९ च्या जुलैमध्ये बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, आठवतं? तीच ही उल्हास. ती फुगली की रायत्याचा पूल बंद, आणि पूल बंद म्हणजे मुरबाड तालुका कल्याणपासून तुटला. पुढे गोवेलीला टिटवाळ्याचा फाटा, आणि मग मुरबाड.

मुरबाडला चार दिशांचे रस्ते भेटतात. शहापूरहून येऊन कर्जत-खोपोलीकडे जाणारा रस्ताही इथूनच जातो, तोही आता राष्ट्रीय झालाय. त्याच कर्जत रस्त्यावर म्हसा लागतं. पौष पौर्णिमेला तिथे म्हसोबाची यात्रा भरते, बैलांचा मोठा बाजार असतो. माझ्या लहानपणी यात्रेच्या आठवड्यात मुरबाड रोडवर बैलच बैल दिसायचे, आणि आमची एसटी त्यांच्यामागे त्यांच्याच चालीने चालायची. आता बैल टेम्पोत बसून येतात. म्हशाच्या बाजूलाच, सह्याद्रीच्या कुशीत सिद्धगड आहे. स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील २ जानेवारी १९४३ ला तिथे इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. दरवर्षी त्या तारखेला आसपासच्या गावांतून लोक तिथे जमतात.

आता वयाचा प्रश्न. डांबर अलीकडचं, पण वाट फार म्हणजे फारच जुनी. सरळगाव सोडलं की टोकावडे, मग वैशाखरे. वैशाखऱ्याच्या पुढे उजव्या हाताला नाणेघाटाची पाटी दिसेल. गाड्या सुसाट निघून जातात, पण या सगळ्या रस्त्याचं मूळ तिथे आहे. सोपारा-कल्याण बंदरात उतरलेला माल जुन्नर आणि पैठणला जायचा तो या घाटाने. वर गुहेत ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा. सातवाहनांच्या नागनिका राणीचा. कोणकोणते यज्ञ केले आणि दक्षिणा म्हणून किती गायी, किती हत्ती, किती नाणी दिली याचा त्यात हिशेबच आहे, आकड्यांनिशी. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकांमध्ये त्या आकड्यांची गणना होते. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही भिंतीवर कोरल्या होत्या. आता वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा, मधली माणसं गायब.

माझी आजी घाटावरची, घाटघरची. लग्न होऊन ती खाली आली आणि माहेरी जायची ती नाणेघाट चढूनच. पहाटे अंधारात वैशाखऱ्यातून निघायचं, डोक्यावर तांदळाचं गाठोडं, उन्हं तापायच्या आत वर. येताना बाजरी. शेवटच्या टप्प्यातल्या दगडी पायऱ्या ती ‘दगड गुळगुळीत झालेत, पाय तिरका टाकायचा’ असं सांगायची, आणि मी पहिल्यांदा चढलो तेव्हा तिचा तिरका पाय कामी आला. लेखाबद्दल विचारलं की म्हणायची, ‘पांडवांनी लिहिलंय, आपल्याला नाय वाचायचं.’ घाटमाथ्यावर दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. येणारा-जाणारा व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकायचा असं सगळे सांगतात. आजी त्यात एक पानच टाकायची, बाकी काही नसायचं म्हणून.

सरळगावहून धसईला रस्ता जातो. नोटाबंदीनंतर, डिसेंबर २०१६ मध्ये, राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं ते हेच धसई. दगडी रांजणात नाणी टाकायचा घाट आणि कार्ड घासायचं गाव एकाच परिसरात. माझ्या ओळखीचा वडापाववाला मात्र त्याही दिवसांत सुट्टे पैसेच मागत होता.

मग गाडीरस्ता नाणेघाटाने का नाही गेला? एकदा चढून बघा म्हणजे कळेल. ती नाळ आहे, दोन कड्यांच्या बेचक्यातली. माणूस, बैल, गाढव चढेल, चाक चढणार नाही. गाड्यांसाठी जवळच्या माळशेजची निवड झाली, तिथे डोंगराला वळसे घालत वर जाता येतं. मोरोशीला भैरवगडाची उभी भिंत दिसली की घाट आलाच समजा. ठाणे जिल्हा घाटात संपतो, वर पुणे जिल्हा. पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी डावीकडे ठेवून मढ, डिंगोरे, ओतूर करत आळेफाटा. कल्याणपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास.

पावसाळ्यात माळशेजचे फोटो बघून निघणार असाल तर दोन गोष्टी. हा डोंगर पावसात सुटतो. दरड आली की घाट तासन्‌तास, कधी दिवसचे दिवस बंद असतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टीच्या दिवशी धबधब्यांवर प्रशासनाची बंदीही असते. आणि धुक्यात ओव्हरटेक नाही म्हणजे नाही. २ जानेवारी २०१४ ला ठाण्याहून नगरला निघालेली एसटी याच घाटात दरीत गेली, २७ माणसं गेली. त्यानंतर कित्येक महिने आई मला घाट उतरल्यावर फोन करायला लावायची.

एप्रिल-मेमध्ये गेलात तर मोरोशीच्या आसपास ठाकर बायका पळसाच्या द्रोणात करवंदं घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्या दिसतील. घासाघीस करू नका. त्यांचे हात बघा, करवंदीच्या काट्यांनी ओरबाडलेले असतात. वरच्या द्रोणातली पिकली करवंदं आणि खालची कच्ची असा खेळ त्या करतात, हे मी नाकारत नाही. पण दहा-वीस रुपयांत तेवढं चालायचंच.

सकाळी साडेपाचच्या आत ठाणं सोडा, म्हणजे शहाड मोकळं मिळेल. नाष्टा सरळगावला. परतताना रात्री उशीर करू नका. दहानंतर ओतूर-आळेफाट्याकडून भाजीच्या पिकअप सुटतात, त्यांना पहाटे कल्याणच्या मार्केटमध्ये कोथिंबीर ताजी पोचवायची असते, आणि घाटातल्या वळणावर त्यांना तुमच्या गाडीशी काही देणंघेणं नसतं.