पीएम २.५ म्हणजे ‘सूक्ष्म धूलिकण’ का?

प्रश्न असा आहे: हवेच्या प्रदूषणावरच्या मजकुरात पीएमपैकी (पार्टिक्युलेट मॅटर, म्हणजे हवेत तरंगणारे कण) ‘पीएम १०’ला धूलिकण आणि ‘पीएम २.५’ला सूक्ष्म धूलिकण म्हणायची पद्धत पडली आहे, ती बरोबर का? आणि वाळवंटातून येते ते वादळ वाळूचे म्हणावे की धुळीचे?

पीएमपुढचा आकडा फक्त आकार सांगतो: १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून लहान, २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान. कण कशाचा, याबद्दल तो गप्प आहे. धूळ म्हटली की मात्र मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे माती येते. शहरातल्या २.५च्या गटात एरवी मातीपेक्षा काजळी, धुरातले सेंद्रिय पदार्थ आणि हवेतल्या वायूंपासून तिथेच तयार झालेले सल्फेट-नायट्रेटचे क्षार यांचाच भरणा जास्त असतो. त्याला धूलिकण म्हणणे म्हणजे धुराचे बिल मातीच्या नावावर फाडणे.

रुळलेला शब्द आहे, राहू द्या की, असे कोणी म्हणेल. पण २३ जानेवारी २०२२चा दिवस घ्या. पाकिस्तानकडून उठलेली धूळ अरबी समुद्र ओलांडून मुंबई-पुण्यावर आली, गाड्यांवर पांढरट थर बसला. अशा वादळात पीएम १० एकदम उसळतो. पीएम २.५ही वाढतो, पण त्या मानाने कमी. कणांची जातच बदलते: सिलिकॉन, अॅल्युमिनियम, कॅल्शियम, लोह यांचे प्रमाण चढते, म्हणजे गारगोटी, चिकणमाती, चुनखडी. तेव्हाचे कण खरोखर धूलिकण. आता एरवीच्या धुरालाही तोच शब्द वापरला, तर ‘वादळाने धूलिकणांचे घटक बदलले’ या वाक्यातून वाचकाने काय समजायचे?

ही धूळही वाटेत निव्वळ धूळ राहत नाही. समुद्रावरून येताना तिच्यात मिठाचे कण मिसळतात. प्रदूषित हवेतले नायट्रिक आम्ल चुनखडीच्या कणांवर बसून कॅल्शियम नायट्रेट तयार होते. त्यामुळे एरवी बारीक कणांत सापडणारे नायट्रेट अशा वेळी जाड्या कणांवरही सापडते.

म्हणून मोजमापाबद्दल लिहिताना ‘तरंगते कण’, ‘सूक्ष्मकण’ हे शब्द मला बरे वाटतात. ‘धूलिकण’ मातीच्या कणांसाठी राखून ठेवावा. (माती आणि राख दोन्ही सामावून घेणारा शब्द आपल्याकडे आहे: फुफाटा. रस्त्यावरचा फुफाटा मातीचा, ‘आगीतून फुफाट्यात’ मधला गरम राखेचा. पण तो जमिनीवरचा, हवेतल्या कणांना चालणार नाही.)

वादळाचे म्हणाल तर, आपल्यापर्यंत पोहोचते ते धुळीचेच. वाळूचा दाणा जड. वारा त्याला जमिनीलगत टप्पे खात नेतो आणि तो थोड्या अंतरावर पडतो. मात्र पडताना तो जमिनीवर आपटतो, त्या आपटण्याने बारीक धूळ सुटते आणि तीच उंच चढून हजारो किलोमीटर जाते. तेव्हा ‘मुंबईवर वाळूचे वादळ’ असा मथळा नको. वाळवंटातच उभे राहून लिहीत असाल, तर खुशाल वाळूचे वादळ लिहा.

राहिले शुद्धलेखन. ‘धूलि’ तत्सम, म्हणून समासात धू दीर्घ आणि लि ऱ्हस्व: धूलिकण, जसे धूलिवंदन. ‘धुलीकण’ सर्रास छापले जाते, पण त्यात दोन्ही वेलांट्या-उकार उलटे पडले आहेत.